फुगमणी आणि भुईरेडा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा निम्म्या डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, आणि रानात अशी जनावरं हिंडत होती की त्यांचं वर्णन केलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा बापडे. पण गोष्ट तेवढी ऐका.

एका राज्यात या जनावरांना अचाट म्हणत. कुठल्या अचाटाच्या मिशांतून ठिणग्या उडत, कुठला सोंडेतून पाणी शिंपडी, कुठला नुसता गायचा आणि ऐकणाऱ्याला झोप लागायची. प्रत्येक गावाचा एक अचाट असे आणि त्याला शिकवणारा एक वस्ताद असे. चैत्रात राजधानीत जत्रा भरे. तांबड्या मातीचा मोठा आखाडा, त्याभोवती चुन्याची गोल रेघ. दोन अचाट समोरासमोर सोडायचे. ज्याचे चारही पाय रेघेबाहेर पडले, तो हरला. रक्त काढायचं नाही, डोळ्यावर जायचं नाही, बाकी सगळं चालेल. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर डोंगरावरच्या हिरव्या कुरणात चराईचा पहिला मान मिळे.

वस्तादानं रेघेबाहेर उभं राहायचं आणि तिथूनच हाका घालायच्या. खरी विद्या होती ती या हाकांची. एका हाकेला अचाट बसे, दुसरीला वळे, तिसरीला हूल देऊन मागे सरे. गावागावाच्या हाका वेगळ्या. सकाळी लागलेली झुंज कधी कधी दुपारपर्यंत चाले, आणि बघणारी माणसं हातातल्या शेंगा फोडायची विसरून जात.

मग मणी आला.

तो कुणाला, कुठल्या दरीत सापडला, याबद्दल वाद आहेत. आपण त्यात पडायला नको. दरबारी लोक त्याला विराटमणी म्हणत आणि गावाकडची माणसं सरळ फुगमणी म्हणत. अचाटाच्या गळ्यात तो बांधला की अचाट बघता बघता देवळाच्या कळसाएवढा व्हायचा. राजाला ही गंमत भारी आवडली. त्यानं गावोगाव एकेक मणी वाटला आणि नियम घातला: एका झुंजीत मणी एकदाच बांधायचा. बांधला की तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. वाटी भरून बुडाली की मणी विझायचा आणि अचाट पुन्हा होता तेवढा व्हायचा.

पहिल्या वर्षी लोकांनी टोप्या उडवल्या. दुसऱ्या वर्षी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र जत्रेला कसलीशी कीड लागली. जो तो मणी बांधायचा, दोन डोंगर एकमेकांवर आदळायचे, आणि वाटी निम्मी भरायच्या आत एक जण रेघेबाहेर. कुणी मणी राखून समोरच्याचा संपायची वाट बघे. मग दोघेही वाट बघत बसत आणि प्रेक्षक जांभया देत. फुगून उपयोगी पडतील असेच अचाट लोक आणू लागले, धिप्पाड खांद्यांचे, जाड मानेचे. गाणारा अचाट फुगला तर आवाज फाटायचा, म्हणून त्याला घरी बसवला. पाणी शिंपडणाऱ्याला लोकांनी भाजीच्या मळ्यात जुंपला. आणि हाका? फुगलेल्या अचाटाच्या कानात त्याचंच रक्त धबधब्यासारखं गर्जे. त्याला हाक ऐकूच येत नसे. मग शिकवायच्या कशाला? वस्तादांच्या घशात त्या हळूहळू गंजून गेल्या.

या सगळ्यात एका डोंगरपायथ्याच्या गावात हौसाक्का नावाची वस्ताद होती. अंगानं काटक, बोलण्यात फटकळ, आणि तिच्या अचाटावर तिचा जीव. तिचा अचाट होता भुईरेडा. रेडकाएवढं अंग, पाठीवर खवले, पुढचे पाय फावड्यासारखे. नाव बुटक्या. मऊ माती दिसली की हा गडी त्यात शिरायचाच. हौसाक्काच्या परड्यात इतकी बिळं होती की पाव्हण्यांना जपून चालावं लागे.

गावानं सांगितलं म्हणून सलग दोन वर्षं हौसाक्कानं बुटक्याला फुगमणी बांधला होता. दोन्ही वर्षी तो पहिल्याच झुंजीत हरला. नुसतं हरणं तिनं सोसलं असतं. पण मणी विझल्यावर बुटक्या थरथर कापायचा, दोन-दोन दिवस पाण्याला तोंड लावायचा नाही, आणि तिनं हाक दिली तरी परक्यासारखा तिच्याकडे बघायचा. ते बघणं तिला सहन व्हायचं नाही. ती कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची आणि बाहेर येऊन दिसेल त्याच्यावर खेकसायची.

तिसऱ्या वर्षी जत्रा तोंडावर आली तेव्हा पाटील तिच्या दारात आले. पाटील माणूस वाईट नव्हता, पण हरून हरून कावला होता.

"आक्का, गावाचं ठरलंय," ते म्हणाले. "औंदा हरला तर ह्यो बुटक्या सरकारी खाणीवर धाडायचा. दगडं वढंल. बदल्यात पागेतला एक दणकट अचाट देतो म्हणत्यात."

"खाणीवर?" हौसाक्काच्या हातातली टोपली खाली पडली. "पाटील, तिथं गेलेलं जनावर माघारी आलंय का कधी?"

"मग जिक की! मी काय हर म्हणतोय व्हय?" पाटील तिची नजर चुकवून म्हणाले आणि निघून गेले.

हौसाक्का पायरीवर बसली. समोर परड्यात बुटक्या कामात होता. नवीन बीळ खणता खणता त्याची फक्त शेपटी वर दिसत होती आणि ती आनंदानं हलत होती. बघता बघता हौसाक्काच्या मनात एक विचार आला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! दोन वरसं झाली, ह्यानं आखाड्यात एकदाबी माती उकरली न्हाई!"

कशी उकरणार? कळसाएवढा झाल्यावर बिळात कोण मावतं? मणी गळ्यात पडला की भुईरेडा नुसता एक मोठा रेडा व्हायचा. तोही आखूड पायांचा. ज्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, नेमकं तेच मणी काढून घेत होता, आणि ती स्वतःच्या हातानं त्याची गाठ मारत होती.

दुसऱ्या दिवसापासून हौसाक्का बुटक्याला घेऊन नदीच्या वाळूत जाऊ लागली. तिच्या आजीच्या वेळच्या हाका तिनं आठवून आठवून काढल्या. "हुर्र" म्हणजे खाली शीर. "हो हो" म्हणजे जागीच थांब, श्वास आवर. "ये माझ्या राजा" म्हणजे वर ये. शेवटची हाक आजीच्या वेळी फक्त "ये" अशी होती. बाकीचं हौसाक्कानं पदरचं घातलं होतं. बुटक्या चुकायचा, ती ओरडायची, मग गूळ द्यायची. काठावर कपडे धुणाऱ्या बायका हसायच्या. हौसाक्का त्यांच्यावरही ओरडायची, फक्त गूळ द्यायची नाही.

जत्रेचा दिवस उगवला. हलगी कडाडली. बुटक्या मण्याशिवाय आखाड्यात उतरलेला बघून आधी कुजबुज झाली आणि मग हशा. पाटलांचा चेहरा काळा ठिक्कर पडला.

"आक्का, मणी कुठाय?"

"हाय की कमरेला."

"मग बांध!"

"बघू," हौसाक्का म्हणाली आणि रेघेकडे वळली.

समोरच्या वस्तादानं आपल्या अचाटाला मणी बांधला. वाटी पाण्यावर तरंगू लागली. तो डोंगर पाय आपटत आला. हौसाक्का ओरडली, "हुर्र!" आणि बुटक्या मातीत गडप झाला. डोंगर गोल गोल फिरला, इकडे शोधलं, तिकडे शोधलं, एकदा स्वतःच्याच पोटाखाली वाकून बघितलं. लोक पोट धरधरून हसले. तेवढ्यात वाटी बुडाली, डोंगराचं पुन्हा साधं जनावर झालं, आणि दमून धापा टाकणाऱ्या त्या जनावराला बुटक्यानं मागून ढकलत ढकलत रेघेबाहेर नेऊन ठेवलं. हसणारी माणसं आता उभी राहून बघत होती. पुढच्या झुंजींतही तेच झालं, आणि दुपार कलता कलता हौसाक्का अखेरच्या झुंजीला येऊन पोचली.

आता समोर होते राजाचे खास वस्ताद हैबतराव. फेटा असा की आधी फेटा यायचा आणि मग हैबतराव. त्यांचा अचाट म्हणजे डोंगरबोका, नाव तुफान. मिशांतून ठिणग्या, पंजे सुपाएवढे. तुफान कधी हरलाच नव्हता. त्याची एकही झुंज वाटी बुडेपर्यंत टिकली नव्हती.

हैबतरावांनी सकाळपासूनच्या झुंजी बारकाईनं बघितल्या होत्या. माणूस हुशार होता. त्यांनी मणी मुठीत ठेवला आणि हसून म्हणाले, "बाई, मी नाही फसायचा. आधी तुमचं बिळातलं कौतुक होऊ दे."

हलगी वाजली. तुफान मण्याशिवाय पुढे सरकला आणि मध्येच थांबला. आता करायचं काय? त्यानं मागे वळून हैबतरावांकडे पाहिलं. हैबतराव ओरडले, "अरे, धर त्याला!" पण धरायचं कसं, हे तुफानला कुणी शिकवलंच नव्हतं. बुटक्या त्याच्या पायाखालून निघाला, शेपटी ओढली आणि परत मातीत गेला. पुन्हा निघाला, कानाला ढुशी दिली आणि पुन्हा गायब. लोकांना हसू आवरेना. एका बाजूला मंडपात बसलेला राजाही गालातल्या गालात हसला. ते हैबतरावांनी पाहिलं आणि त्यांचा संयम सुटला.

"तुफान, इकडे ये!"

ही एक हाक मात्र तुफानला पक्की ठाऊक होती. तो धावत रेघेपाशी आला, मान लांब केली, आणि हैबतरावांनी मणी बांधला. वाटी पाण्यावर सुटली.

तुफान वाढला. असा वाढला की आखाड्यावर सावली पडली. ठिणग्यांनी मंडपाची झालर करपली. यावेळी त्यानं कुणाला शोधलं नाही. तो नुसता नाचला. सुपाएवढे होते ते आता खळ्याएवढे झालेले पंजे तो आखाडाभर आपटत सुटला. धाड! धाड! भुसभुशीत माती दबून फरशीसारखी टणक झाली. बुटक्या खाली होता आणि त्याची सगळी बिळं मिटली होती.

हसणं थांबलं. 

"आक्का, मणी बांध!" पाटील ओरडले. "बाहेर बोलाव त्याला अन् बांध! मरंल त्यो!"

सगळं गाव ओरडू लागलं. हौसाक्काचा हात कमरेकडे गेला. मणी गरम लागत होता. हाक द्यावी, बुटक्या कसाबसा वर येईल, गाठ मारली की तोही कळसाएवढा होईल. निदान चिरडणार तरी नाही. पण मग तो मागच्यासारखाच हरेल, आणि उद्या खाणीवर जाताना तिच्याकडे परक्यासारखा बघेल. आणि नाही बांधला तर? ती खाली वाकली आणि रेघेलगतच्या मातीला तिनं कान लावला.

आधी नुसते धमाके ऐकू आले. मग त्यांच्या मधल्या फटीत, खूप खोलवर, खुरखुर. खुरखुर. तिचा बुटक्या खोल उतरत होता. ती इतक्या जोरात हसली की पाटलांना वाटलं बाईला भ्रम झाला.

तोंड मातीजवळ नेऊन हौसाक्कानं हाक दिली, "हो हो... हो हो..."

खुरखुर थांबली. सगळ्या आखाड्यात ती हाक फक्त एका जिवाला कळली होती, आणि त्यानं ती ऐकली होती. हौसाक्का तशीच मातीला गाल लावून राहिली. वरती डोंगर नाचत होता. हैबतराव घामाघूम होऊन वाटीकडे बघत होते. वाटीत पाणी चढत होतं, काठाशी आलं, काठ ओला झाला.

वाटी बुडाली.

तुफान आकसला. ठिणग्या विझल्या. धापा टाकणारं, घाबरलेलं, भिजल्या मांजरासारखं एक जनावर आखाड्याच्या मधोमध उभं राहिलं.

"तुफान, मागे वळ!" हैबतराव ओरडले. "खाली बस! उजवीकडे हो! अरे, काहीतरी कर!"

तुफाननं कान टवकारले. धनी ओरडतोय एवढंच त्याला कळलं. आणि धनी ओरडला की काय करायचं, हे त्याला ठाऊक होतं. तो तीरासारखा रेघेकडे धावत आला, पुढचे दोन्ही पाय रेघेपलीकडे टाकले, हैबतरावांपुढे मान लांब केली, आणि मण्याची वाट बघत डोळे मिटून उभा राहिला.

"मागे हो! अरे, मागे हो की!" हैबतराव त्याला हातांनी लोटू गेले, पण वस्तादानं झुंजीत अचाटाला ढकललं की झुंज गेली, हा नियम होता. त्यांचे हात हवेतच राहिले. तुफाननं मान आणखी थोडी लांब केली.

हौसाक्का उठली आणि रेघेबाहेरूनच धावत तुफानच्या शेजारी आली. छातीत मावेल तेवढा श्वास भरून तिनं हाक दिली, "ये माझ्या राजा!"

माती फुटली. तुफानच्या बरोबर मागे बुटक्या वर आला, खवल्यांवर मातीची ढेकळं, नाकात माती, आणि शेपटी आनंदानं हलत असलेली. त्यानं मस्तक तुफानच्या बुडाला लावलं आणि एक ढुशी दिली. उरलेले दोन पायही रेघेबाहेर गेले.

 हलगीवाल्यानं अशी काही हलगी बडवली की तिचं कातडं फाटलं. फेटे उडाले, पागोटी उडाली, कुणाचा तरी जोडा उडून राजाच्या दिवाणजींच्या मांडीवर पडला. पाटील रडत होते आणि रडत नाही म्हणून सांगत होते. हौसाक्का रेघ ओलांडून आत धावली आणि तिनं मातीनं भरलेल्या त्या जनावराला मिठी मारली. बुटक्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला ती चांगली ओळखू येत होती. त्यानं तिचं नाक चाटलं.

राजा स्वतः आखाड्यात उतरला. त्यानं हौसाक्काला मानाचा शेला दिला आणि विचारलं, "आक्का, मणी तुझ्याजवळ होता. तरी बांधला नाहीस. का?"

"म्हाराज," हौसाक्का म्हणाली, "मणी बांधला की समदीच जनावरं एकसारखी हुत्यात. मग माझा बुटक्या कुठं ऱ्हायला? मला मोठा नको, माझा पायजे."

राजानं तिच्या कमरेच्या मण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आजपासून मणी बंद करतो."

"बंद कशापायी? ज्याला बांधायचा त्यो बांधंल. आता लोकांनी बघितलंय न्हवं?"

आणि तसंच झालं. पुढच्या चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवसापासूनच आखाड्याभोवती जागा मिळेना. कुणी गाणारा अचाट आणला, कुणी मळ्यातून पाणी शिंपडणारा सोडवून आणला. एका गावानं तर असा अचाट आणला की तो नेमकं काय करतो हे त्याच्या वस्तादालाही ठाऊक नव्हतं. तरी त्यानं एक झुंज जिंकली. मणी कुणी बंद केले नव्हते. पण ते कुणी बांधलेच नाहीत. बुटक्याला गावानं खाणीवर धाडलं नाही. वर त्याच्यासाठी मऊ मातीचा एक सबंध तुकडा राखून ठेवला.

आणि हैबतराव? हरल्यावर पंधरा दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी फेटा न बांधता, तुफानला सोबत घेऊन, ते हौसाक्काच्या दारात उभे राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "माझे वडील हाका घालायचे. मी ऐकलेल्या आहेत. पण घशातून निघत नाहीत. शिकवाल?"

हौसाक्कानं त्यांना वर-खाली न्याहाळलं. चार खोचक शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले, आणि हौसाक्काच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "आधी गूळ आणा."

पावसाळा लागेपर्यंत राजाचा वस्ताद नदीच्या वाळूत बसून हाका घोकत होता. आवाज फाटायचा, बायका हसायच्या. तुफान दर हाकेला धावत यायचा आणि मान लांब करायचा. हैबतराव त्याच्या गळ्यावरून हात फिरवायचे, परत पाठवायचे आणि पुन्हा हाक द्यायचे. अशाच एका दुपारी त्यांनी वडिलांची जुनी हाक दिली, आणि लांब वाळूत उभा असलेला तुफान जागच्या जागी डावीकडे वळला. धावत आला नाही, मान लांब केली नाही. तो वळला, थांबला, आणि आता पुढे काय, असं विचारल्यासारखा हैबतरावांच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं झुंजी मारत आलेल्या त्या वस्तादाला तेव्हा पहिल्यांदा आपण जिंकल्यासारखं वाटलं, आणि तो भर दुपारी, सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं रडला.

लहानांनो, आणि लहानांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, या गोष्टीचं सार एवढंच: जे बळ अंगी येताच आपले गुण झाकून जातात, ते बळ आपल्याला मोठं करत नाही, आपल्याला पुसून टाकतं.